रसायनीचं प्रकरण

चौक, ता. खालापूर

प्रिय मैत्रिणीस,


महाराष्ट्रातल्या मल्याळी समाजाचा इतिहास तू लिहायला घेतलास, फार आनंद झाला. पण आराखड्यात माटुंगा, चेंबूर, डोंबिवली दिसली. आपली रसायनी कुठेच नाही. म्हणून हे पत्र.

1930 साली मुंबईत केरळीय समाज स्थापन झाला, तेव्हा केरळ राज्यच नव्हतं. कुणी मलबारचा, कुणी कोचीनचा, कुणी त्रावणकोरचा. राज्य झालं 1956 साली. ही माणसं माटुंग्यात त्याआधीच एक झाली होती. हे ठळक मांड. 1966 नंतर शिवसेनेने दाक्षिणात्यांविरुद्ध रान उठवलं, तेही हात न आखडता लिही. टायपिंग, लघुलेखन शिकून पोटासाठी आलेल्या पोरांवर तो अन्याय होता, असं मी मराठी बाई म्हणून म्हणते.

रसायनीची तऱ्हा वेगळी. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी 1960 सालची. दांड फाट्यावरून आत वळलं की तिचा कारखाना आणि कॉलनी लागायची. इथे माणसं कुटुंबासकट आली आणि आपण सगळी एका वर्गात बसलो. तुमच्या ओणमच्या पूक्कळमसाठी, म्हणजे फुलांच्या रांगोळीसाठी, झेंडू मोहोपाड्याच्या बाजारातून यायचा. गणपतीत तुझी आई आमच्याकडे मोदक वळायला बसायची, आणि तिच्या कळ्या माझ्या आत्यापेक्षा रेखीव पडायच्या! तुम्हाला गावी जायचं तर कल्याण नाहीतर कर्जत गाठून, बोरघाट चढून, पुणे-सोलापूरवरून केवढा वळसा. 1998 मध्ये ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली कोकण रेल्वे पुरी झाली आणि पनवेलहून सरळ वाट मिळाली. तोवर तुम्ही गेलाही होतात.

कंपनीने कोचीजवळ अंबलमुगलला दुसरा कारखाना काढला, तुझ्या बाबांची बदली झाली. सगळे म्हणाले, चला, घरी निघाले. तुला तर मल्याळम नुसतं बोलता येत होतं, लिहिता नाही. तिकडच्या शाळेत तू 'बॉम्बेवाली' ठरलीस, हे तुझ्या पहिल्याच पत्रात होतं. ते पत्र मी जपून ठेवलंय, पुस्तकासाठी पाठवते.

2017 मध्ये केंद्राने रसायनीचा कारखाना बंद करायचं ठरवलं. अग्निबाणांना लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे द्यायचा आणि 442 एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकायची, असा तो निर्णय. कॉलनीतली माणसं पांगली. माटुंग्याच्या माणसांमागे संस्था आहे, दप्तर आहे. आपल्या कॉलनीमागे फक्त आठवणी, त्याही आता म्हाताऱ्या झालेल्या.

तेव्हा बाबांना आत्ताच बोलतं कर आणि मल्याळममध्ये उतरवून घे. मराठी मी करते. मोहोपाड्याला राहिलेल्या घरांत मी जाऊन येते. रसायनीचं प्रकरण घातल्याशिवाय पुस्तक छापायला देऊ नकोस.

तुझी,
बालमैत्रीण