हात कसा सांगावा



हिवाळा लांबला की इकडे टोरोंटोत आपल्या लोकांकडे पत्ते निघतातच. चहा, चिवडा आणि मेंढीकोट नाहीतर तीनशे चार. ब्रिजचं नाव काढलं की मात्र निम्मी मंडळी "नको रे बाबा, डोक्याला ताप" म्हणून उठतात. त्यांच्यासाठीच हे लिहितोय. ब्रिजमध्ये पानं खेळण्याचा भाग आपल्याला परका नाही; हुकूम, उतारी, कापणं, सगळं ओळखीचं. परकी वाटते ती बोली. आणि बोली म्हणजे मुख्यतः आपला हात भिडूला सांगणं.

तीनशे चारमध्ये बोली जिंकून आपण हुकूम ठरवतो आणि ते पान पालथं घालून लपवतो. मेंढीकोटात भिडूला काही कळवायचं तर खाकरणं, भुवई उडवणं, किंवा एखादा काका उगीचच "काय बदाबदा पाऊस पडतोय" म्हणतो (म्हणजे बदाम!). ब्रिजमध्ये नेमकं उलट. सांगा, पण फक्त बोलीतून. खाकरणं सोडाच, बोलायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतलात तर त्या थांबण्यावरून भिडूने काही ताडणंही नियमाबाहेर.

आता शब्द किती? एक ते सात आकडे, चार रंग आणि बिनहुकुमी, म्हणजे ३५ बोल्या. वर पास, डबल, रीडबल. झाले ३८. आणि एकाला येऊ शकतील असे तेरा पानांचे हात आहेत ६३,५०१ कोटींहून जास्त! त्यामुळे आधी ठरवून घ्यावं लागतं. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १, अख्ख्या कॅटात ४०. बऱ्याच जोड्यांत "एक बिनहुकुमी" म्हणजे सगळे रंग साधारण सारखे आणि १५ ते १७ गुण. "एक इस्पिक" म्हणजे निदान पाच इस्पिक आणि बाराच्या आसपास गुण. दोघांचे मिळून पंचवीसेक झाले की गेम बोलायचा. फुगवून सांगितलं तर बुडणार, कमी सांगितलं तर हातचं जाणार.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा नियम. तुमच्या बोलीचा अर्थ प्रतिपक्षालाही कळला पाहिजे. गुप्त भाषा चालत नाही. पण समोरासमोर खेळताना विचारलं तर अर्थ तुम्ही नाही, तुमचा भिडू सांगतो. तोही तुमच्या हातात काय असेल ते नाही, तर तुमचं दोघांचं काय ठरलंय ते. त्याने चुकीचं सांगितलं तरी बोली चालू असताना तुम्ही चेहरा दगडासारखा ठेवायचा. करार तुमच्या बाजूचा असेल तर पहिलं पान पडायच्या आधी दुरुस्ती करायची, नसेल तर डाव संपल्यावर.

ऑनलाइन हे पालटतं. ब्रिज बेस ऑनलाइन २००१ साली सुरू झालं, त्याच्या संस्थापकांत आपल्या टोरोंटोचा फ्रेड गिटेलमन होता. तिथे आपल्या बोलीचा अर्थ आपणच टाइप करतो, भिडूला तो दिसत नाही. म्हणजे पुन्हा जबाबदारी आपली: लिहायचं ते जे ठरलंय ते, हातात धरलंय ते नाही.

टोरोंटोचीच आणखी एक गोष्ट. इथला एरिक मरे हा मोठा खेळाडू. बगदादमध्ये जन्मलेल्या सॅमी केहेलाबरोबर त्याची जोडी जगभर गाजली. १९६८ आणि १९७२च्या ऑलिंपियाडमध्ये कॅनडा तिसरा आला त्या संघांत ही जोडी होती. त्याआधी मरेचा एक भिडू होता डग्लस ड्रुरी. भिडू आणि मधला प्रतिस्पर्धी पास झाले की मरे हलक्या हातावरही बोली उघडायचा. त्यात तथ्य आहे, कारण चौथ्याकडे जोर असणार, त्याची वाट अडवायची. पण ड्रुरी बिचारा बरा हात घेऊन वर चढायचा आणि डाव बुडायचा. त्याने भांडण केलं नाही, प्रश्न शोधून काढला. मरेने बदाम किंवा इस्पिक उघडले की ड्रुरी म्हणायचा, "दोन किलवर". त्याचा किलवरशी संबंध नाही. अर्थ असा: माझ्याकडे बऱ्यापैकी आहे, तुझं खरंच आहे का? हलकं असेल तर मरेचं उत्तर, "दोन चौकट". (हल्ली बरेच जण उलटी पद्धत वापरतात, हलक्या हातावर आपलाच रंग पुन्हा बोलतात.) हीच ती ड्रुरी पद्धत, आज जगभर खेळतात.

मला यात मोठं वाटतं ते हे, की "नाही, माझा हात हलका आहे" म्हणायला एक मानाची जागा करून ठेवली.

माझे वडील नाशिकला एकटे असतात. क्लबात खूप ब्रिज खेळलेले. फोनवर त्यांची बोली ठरलेली: "मजेत. तुमचं बघा." हात कुठलाही असो. एकदा ते चार दिवस हॉस्पिटलात होते, ते मला शेजाऱ्यांकडून कळलं, तेही घरी आल्यावर. मी चिडलो नाही, कारण मीही त्यांना वेगळं काय सांगतो? मग सुट्टीत गेलो तेव्हा ड्रुरीची आठवण काढली. ते हसले, म्हणाले, "ठीक आहे, पण दोन्ही बाजूंनी."

तेव्हापासून मी क्वचितच विचारतो, "बाबा, दोन किलवर." बहुतेक वेळा ते म्हणतात, "अरे, भक्कम आहे." गेल्या मार्चमध्ये थोडं थांबून म्हणाले, "दोन चौकट." मी तिकीट काढलं. न्हाणीघरात पडले होते, हात मोडला होता. तीन आठवडे राहून आलो. आणि त्याआधी, माझी नोकरी गेली होती त्या हिवाळ्यात, प्रश्न त्यांनी विचारला होता. मी "दोन चौकट" म्हणालो. पुढे त्यांनी काही विचारलं नाही, दर रविवारी फोन मात्र त्यांचा यायला लागला.

तर मंडळी, ब्रिज शिकाच. चार जण जमले की पुरे, पहिल्या दिवशी नुसते गुण मोजा आणि "एक बिनहुकुमी" शिका. ड्रुरी नंतर. पण आपल्या भिडूशी, मग तो टेबलासमोरचा असो की सात समुद्रापलीकडचा, एवढं आधी ठरवून ठेवा की हलका हात कसा सांगायचा.

चूभूद्याघ्या.