मुंबईत या खेपेला कुठे जेवायचे?

मुंबईला गेल्यावर दर खेपेला किमान एका नव्या हॉटेलात जेवायचे, हा नियम आम्ही चौघे गेली सात-आठ वर्षे पाळत आलो आहोत. आम्ही नांदेडकडचे. कामानिमित्त वर्षातून चार-पाचदा मुंबई होते. कधी मंत्रालय, कधी देवनारला टाटा इन्स्टिट्यूटमधले एखादे चर्चासत्र, कधी कोर्टातली तारीख. 6 डिसेंबर तर असतोच. (त्या दिवशी हॉटेलाचा प्रश्न येत नाही. शिवाजी पार्कच्या परिसरात कर्मचारी संघटना आणि मंडळे जेवण वाटतात. ओळीत उभे राहून घ्यायचे, खायचे आणि मागच्याला जागा करून द्यायची.) बाकीच्या खेपांना मात्र गाडी कल्याणच्या पुढे आली की आमच्यात वाद सुरू होतो: या वेळी नवीन कुठे?

चळवळीतल्या काही ज्येष्ठांना हे आवडत नाही. "हॉटेले हिंडणे ही मध्यमवर्गीय चैन आहे, त्यात कसले आले समाजकार्य?" असे आम्हाला तोंडावर ऐकवले गेले आहे. आक्षेप अगदीच निराधार नाही, म्हणून उत्तर देणे भाग आहे. मित्रांनो, संविधानाचे कलम 15 काढून बघा. त्याच्या दुसऱ्या उपकलमात जातीवरून, धर्मावरून, लिंगावरून कोणालाही कुठे अडवता येणार नाही याची यादी आहे. यादी सुरू होते ती दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांपासून. विहिरी, तलाव, घाट, रस्ते त्यानंतर येतात. 1927 साली तळ्याच्या पाण्यासाठी ज्या देशात महाडचा सत्याग्रह करावा लागला, त्या देशाने आपल्या संविधानात तळ्याच्या शेजारीच हॉटेलही लिहून ठेवले. ज्यांच्या आजोबांनी गावच्या टपरीवर वेगळी ठेवलेली कपबशी स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवली आहे, त्यांना याचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

सहभोजनाने जात मोडत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये मांडले आहे. हॉटेलात जेवल्याने जात जाईल असा आमचाही दावा नाही. आमचे म्हणणे त्याहून लहान आहे. शहरातल्या कोणत्या दारातून आपण बिनधास्त आत शिरतो आणि कोणत्या दारासमोरून मान खाली घालून पुढे निघून जातो, हे प्रत्येकाने एकदा मोजून बघावे.

आमच्यासोबत पहिल्यांदा मुंबईला आलेली मुले बहुतेक वेळा स्टेशनबाहेरच्या वडापावपाशी थांबतात आणि तिथेच पोट भरून मोकळी होतात. वडापाव आम्हालाही प्रिय आहे. पण एकदा स्पर्धा परीक्षा देणारा एक मुलगा आमच्याबरोबर होता. एका साध्याच वातानुकूलित हॉटेलाच्या दारावरच्या वॉचमनने त्याच्याकडे नुसते बघितले, तर हा म्हणाला, "दादा, तुम्ही जाऊन या, मला भूक नाही." खिशात पैसे होते, सकाळपासून पोटात काही नव्हते. एम.ए.ला बोर्द्यूचे सांस्कृतिक भांडवल आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. ते कळले त्या दारात. त्याला हाताला धरून आत नेले आणि मेन्यूकार्ड त्याच्याच हातात दिले. नवे हॉटेल शोधण्याचा आमचा नियम तेव्हापासून अधिक कडक झाला.

आता शोधायचे कसे? मोबाइलमधले ॲप 'जवळची उत्तम हॉटेले' दाखवते. उत्तम कोणाला वाटली? ज्यांनी बसून तारे दिले त्यांना. गल्लीच्या आत सहा टेबले टाकून दुपारी दीडशे माणसे जेवू घालणाऱ्याला ॲपवर फोटो चढवायची फुरसत नसते. म्हणून त्या भागात जे रोज काम करतात त्यांना आम्ही विचारतो: टॅक्सीवाले, हमाल, कोर्टाबाहेरचे टायपिस्ट, बँकेच्या दारावरचे सुरक्षारक्षक, झाडू मारणाऱ्या ताई. विचारण्याचीही एक रीत आहे. "इथे चांगले हॉटेल कुठे?" असे विचारले तर ते तुमच्या पायातल्या बुटांकडे बघतात आणि त्या बुटांना शोभेल असे महागडे नाव सांगतात. "दादा, तुम्ही दुपारी कुठे जेवता?" असे विचारले की खरा पत्ता मिळतो.

दुसरी खूण स्थलांतराची. पोटासाठी शहरात आलेला माणूस आपली चव बरोबर आणतो आणि काही वर्षांत ती आपल्या वस्तीच्या आसपास विकायलाही लागतो. कोण कधी आले आणि कुठे राहिले, हे माहीत असले की हॉटेले आपोआप सापडतात. फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात पंजाबी निर्वासितांना वसवले, म्हणून 'कोळीवाडा' नावाने साऱ्या शहरात विकली जाणारी तळलेली कोळंबी मुळात पंजाबी हाताची. माटुंग्यात दाक्षिणात्य नोकरदार राहिले, म्हणून तिथे 1940 पासून कॅफे मद्रास आहे आणि 1942 पासून रामा नायकांचे बोर्डिंग आहे. धोबीतलावच्या कयानीसारखी 1904 सालची इराणी हॉटेले तर आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊकच आहेत, त्यांच्याविषयी नव्याने काय लिहायचे?

फोर्टचे सांगतो. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय तिथे आहे, त्यामुळे त्या भागात आमची एक चक्कर ठरलेली. एका दुपारी तिथून बाहेर पडलो आणि एका टायपिस्ट काकांनी मागच्या गल्लीतले केरळी हॉटेल दाखवले. माडीवर चढायला अरुंद जिना, केळीच्या पानावर जाडा तांबूस भात, उकडलेला कप्पा आणि त्यावर आंबट-तिखट माशाचे कालवण. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने त्या दिवसाचे पदार्थ लिहिलेले, त्यात 'बफ फ्राय'. आपल्या राज्यात 2015 च्या कायद्याने बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हशीवर नाही. तर हे म्हशीचे. खोबऱ्याचे काप आणि कढीपत्ता घालून कोरडे परतलेले. आमच्यातला एक जण फळ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "गावात मोठ्याचे आणले की आई आधी दार लावून घ्यायची. इथे फळ्यावर लिहिलेय." शेजारच्या टेबलावर एक नंबुदिरी आडनावाचे कारकून शांतपणे भात कालवत होते. त्यांच्या पानात ते नव्हते, आमच्या होते, आणि त्यांनी बाक सोडला नाही.

कलिनाच्या बाजूला ईशान्येकडची मुलेमुली बरीच राहतात. तिथल्या एका नागा खानावळीत आम्ही गेलो तेव्हा गल्ल्यावरच्या मुलीने ऑर्डर घेण्याआधी विचारले, "स्मेल चलेगा ना?" आखुनी म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनला उग्र वास असतो. तो पदार्थ शिजवला म्हणून दोन वेळा खोली सोडावी लागली, असे ती हसत हसत म्हणाली. आम्ही तिला सुकट आणि बोंबील भाजल्यावर आमच्या वकील मैत्रिणीच्या घरमालकाने काय केले होते ते सांगितले. मग तिने धुरावलेल्या डुकराच्या मांसाबरोबर बांबूच्या कोंबाची वाटी पैसे न घेता दिली. वासावरून माणसे ओळखण्याची पद्धत या देशात किती लांबवर पसरली आहे, यावर एखाद्याने पीएच.डी. करावी.

लोअर परळला मात्र आम्ही एकदाच गेलो, पुन्हा जाऊ असे वाटत नाही. गिरणीच्या आवारात काचेची हॉटेले, चौघांचे बिल आमच्या गावाकडच्या महिन्याच्या किराण्याएवढे. याच गिरणगावात बायका छोट्या खोल्यांतून कामगारांना दोन वेळचे जेवण घालत. त्या खानावळवाल्यांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. खानावळी गाववार, म्हणजे बहुतेक जातवारच होत्या, हेही विसरू नये. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात तो प्रश्न लावून धरला होता. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, खानावळीही गेल्या. 29 डिसेंबर 2017 ला कमला मिलच्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून 14 माणसे मेली. तिथे बसून घास उतरत नाही, हे आमचे वैयक्तिक मत.

आणखी एका पाटीशी आमचे भांडण आहे. 'शुद्ध शाकाहारी'. आमच्यातले एक जण विपश्यनेच्या शिबिरानंतर शाकाहारी झाले आहेत, त्यामुळे चौघांत एक पान नेहमी शाकाहारी असते आणि त्यावर कधी तंटा होत नाही. त्या पाटीवर सर्वांत जास्त चिडतात तेच. त्यांचे म्हणणे, "मी खात नाही हा माझा निर्णय. शेजारचा खातो म्हणून मी बाटत नाही. मग मी 'शुद्ध' कशाने?" 2024 च्या मार्चमध्ये झोमॅटोने शाकाहारी ऑर्डरींसाठी हिरव्या कपड्यातली वेगळी पोरे आणली होती, ओरड झाली आणि कपड्याचा रंग मागे घ्यावा लागला. मद्रासमध्ये 1957 साली ट्रिप्लिकेनच्या मुरलीज कॅफेच्या पाटीवरचा 'ब्राह्मण' शब्द काढावा म्हणून पेरियारांच्या कार्यकर्त्यांनी कित्येक महिने सत्याग्रह केला, शेकडोंनी अटक करून घेतली, तेव्हा तो शब्द गेला. 'शुद्ध' हा शब्द त्याच घराण्यातला आहे. शाकाहारी हॉटेल असू द्या, खुशाल असू द्या. 'शाकाहारी' एवढे लिहून काम भागते.

हे सगळे हिंडून झाल्यावर एक गोष्ट खटकते. मालवणी, गोमंतकी, कोल्हापुरी, खानदेशी, उडिपी, सिंधी, बोहरी, नागा, सगळ्यांच्या पाट्या मुंबईत सापडल्या. आपली नाही सापडली. येसूर लावलेले बरबाट, वजडी, रक्ती, चान्या, तेलाच्या थेंबाशिवाय शिजणारी आजीची कालवणे, यांना या शहरात दुकान नाही. वजडी मिळते ती देशी दारूच्या गुत्त्याबाहेरच्या गाडीवर, कलेजीशेजारी. चव उत्तम असते, पण आमची वकील मैत्रीण तिथे उभी राहू शकत नाही. म्हणजे आपल्या आयांनी शोधलेला पदार्थ आपल्या बहिणींनाच शहरात खाता येत नाही. दुसरीकडे हीच आतडी-काळजी परदेशी नाव घेऊन मोठ्या हॉटेलांत पांढऱ्या बशीत येऊ लागली आहेत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून 2015 साली मराठवाड्यातल्या आपल्या स्वयंपाकघराची नोंद केली. पुस्तक झाले, हॉटेल व्हायचे आहे.

यावर आमच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, पाटीवर सरळ जातीचे नाव लिहून जेवण विकू नये, पुन्हा तीच ओळख गळ्यात कशाला? वकील मैत्रीण म्हणते, ब्राह्मणी जेवणाच्या पाट्या चालतात तर आपली का नको, गिऱ्हाईक येईल की नाही एवढाच प्रश्न आहे. तिचा दाखला कोल्हापूरचा असतो. राजवाड्यावर नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली, त्याचे नाव 'सत्यसुधारक'. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले. हॉटेल काढणाऱ्याइतकीच जबाबदारी तिथे जाऊन बसणाऱ्याची आहे, हा तिचा मुद्दा आम्हाला पटतो. नाव काय द्यावे यावर अजून एकमत नाही.

पुढच्या महिन्यात तारीख आहे. यादीत चेंबूर कॅम्पातले सिंधी दाल-पकवान होते, ते आता मागे पडले आहे. देवनारला भेटलेल्या एका सफाई कामगार ताईंनी सांगितले की त्यांच्या वस्तीतल्या एक मावशी रविवारी घरून वजडी आणि ज्वारीची भाकरी करून देतात. पाटी नाही, चार दिवस आधी फोन करावा लागतो. आम्ही केला. मावशींनी कुठून आलात, कोणाचे, असे काही विचारले नाही. किती जण आणि तिखट किती, एवढेच विचारले. चार सांगितले आहेत, आणि एकासाठी नुसते पिठले.