दाविदाच्या घरातली तामार

दावीद म्हटलं की आपल्याला काय आठवतं? गोफण, गल्याथ, वीणा, स्तोत्रं. फार तर बथशेबा, उरीया आणि नाथान संदेष्ट्याने सांगितलेली ती गरिबाच्या मेंढीची गोष्ट. संडे स्कूलपासून आपण हे ऐकत आलोय. पण 2 शमुवेलचा 13वा अध्याय? त्यावर उपदेश ऐकल्याचं मला तरी आठवत नाही. उपासनेत लहान मुलं समोर बसलेली असतात, विषय अवघड, सगळं मान्य. पण मोठ्यांच्या सभेत तरी?

हेब्रोनात असताना दाविदाला सहा बायकांपासून सहा मुलगे झाले. राजाने पुष्कळ बायका करू नयेत, असं अनुवादाच्या 17व्या अध्यायात स्पष्ट असतानाही! थोरला अम्नोन, तिसरा अबशालोम. तामार ही अबशालोमाची सख्खी बहीण. अम्नोनाने आजारपणाचं सोंग घेतलं आणि तिने माझ्यासमोर काहीतरी करून मला खाऊ घालावं, असं बापाकडे मागितलं. तिला निरोप दाविदानेच पाठवला. तिथे अम्नोनाने तिच्यावर बलात्कार केला आणि नंतर नोकराकरवी तिला बाहेर काढून दार लावून घेतलं.

दाविदाला हे कळलं तेव्हा तो फार संतापला. बस्स, इब्री मजकुरात एवढंच. जुन्या ग्रीक भाषांतरात मात्र पुढे आणखी एक ओळ आहे: अम्नोन थोरला म्हणून त्याचा लाडका होता, तेव्हा त्याने त्याला दुखावलं नाही, अशा अर्थाची.

आणि अबशालोम बहिणीला काय म्हणाला? तो तुझा भाऊ आहे, तू गप्प राहा, मनाला लावून घेऊ नकोस. ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडेही हेच म्हणतात, फक्त शब्द वेगळे. मंडळीत कळलं तर काय होईल, तुझ्या लग्नाचं काय, ख्रिस्ताने क्षमा केली तशी तूही कर. क्षमेची शिकवण अशा वेळी नेमकी मुलीलाच का दिली जाते, हे मला कळत नाही.

काहीजण म्हणतात, बथशेबेचं प्रकरण झाल्यावर दाविदाला मुलाला बोलायला तोंडच कुठे उरलं होतं? मला हे पटत नाही. नाथानासमोर त्याने पाप कबूल केलं होतं, त्याला क्षमाही मिळाली होती. मग अम्नोनाला समोर बसवून बोलायला त्याच्याइतका योग्य माणूस कोण होता? परमेश्वरापुढे रडून मोकळा होणारा हा राजा घरात मात्र गप्प राहिला. साक्ष देताना आपल्यातलेही कितीतरी लोक भरभरून बोलतात, आणि घरी बायकामुलांशी दोन शब्द नाहीत. असो.

अबशालोम दोन वर्षं थांबला. मग मेंढरांच्या लोकर कातरणीचं निमित्त करून त्याने अम्नोनाला मारवलं. तीन वर्षं तो गशूरला, आईच्या माहेरी, पळून राहिला. योवाबाने खटपट करून त्याला परत आणलं, तर यरुशलेमेत दोन वर्षं राजाने त्याचं तोंड पाहिलं नाही. म्हणजे तामारेवर जे गुदरलं त्याला सात वर्षं झाली! शेवटी योवाबाने लक्ष द्यावं म्हणून अबशालोमाने त्याचं जवाचं शेत पेटवून दिलं, तेव्हा कुठे भेट झाली. मुलाने दंडवत घातला, बापाने मुका घेतला. दोघांमध्ये काही बोलणं झाल्याचं लिहिलेलं नाही.

पुढचं बंड, एफ्राइमच्या रानातली लढाई, योवाबाच्या हातून अबशालोमाचा अंत, हे सगळ्यांना माहीत आहे. महनाईमच्या वेशीवरच्या खोलीत दावीद मुलाचं नाव घेऊन घेऊन रडला. बापाला माया नव्हती असं कोण म्हणेल? पण एवढं होऊनही, 1 राजेच्या पहिल्याच अध्यायात अदोनीयाबद्दल वाचा: तू असं का केलंस, एवढंसुद्धा बापाने त्याला कधी विचारलं नव्हतं.

तामार अबशालोमाच्या घरी उदास होऊन राहिली. त्यानंतर तिच्याबद्दल शास्त्रात काही नाही. दाविदाने तिला बोलावून घेतल्याचं, तिची विचारपूस केल्याचंही नाही. अबशालोमाला पुढे एक मुलगी झाली. तिचं नाव तामार होतं.