परिच्छेद सतरा

रघुनाथ धोंडो कर्वे हा विषय आपल्या वर्गांमधून सहसा चार गोष्टींत उरकला जातो. जुलै १९२७ मध्ये सुरू झालेले ‘समाजस्वास्थ्य’, अश्लीलतेचे खटले, १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेणारे डॉ. आंबेडकर, आणि अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट. यातून विद्यार्थ्यांच्या मनात एक सोयीचे चित्र उभे राहते : एका बाजूला धर्म आणि सनातनी, दुसऱ्या बाजूला विवेक, पुढे १९५२ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि कर्वे जिंकले. या चित्रातील शेवटची रेघ मला खोटी वाटते.

या रेघेवर पहिले बोट ठेवले ते एम.ए.च्या वर्गातील वसईच्या एका विद्यार्थिनीने. ती कॅथलिक. संततिनियमनाच्या विरोधकांत मी पोपचा उल्लेख केला, तेव्हा तास संपल्यावर ती म्हणाली, “सर, विरोध आहेच. पण तुम्ही सतरावा परिच्छेद वाचलाय का?”

तिचा रोख होता पोप सहावे पॉल यांच्या २५ जुलै १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिटे’ या परिपत्रकाकडे. कृत्रिम साधनांनी गर्भधारणा टाळणे कॅथलिकांना निषिद्ध आहे, ही भूमिका ‘कास्टी कोनुबी’ या परिपत्रकाने ३१ डिसेंबर १९३० रोजीच मांडली होती. १९६८ मध्ये ती कायम राहिली. (आपल्याकडे ‘निरोध’ बाजारात आला तोही १९६८ मध्येच.) सतराव्या परिच्छेदात मात्र एक वेगळी भीती व्यक्त झाली आहे. ही साधने एकदा ग्राह्य ठरली, तर सत्ताधाऱ्यांना जी पद्धत परिणामकारक वाटेल ती सर्वांवर लादण्यापासून त्यांना कोण रोखणार, असा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर आठ वर्षांनी मिळाले, आणि ते महाराष्ट्रातच मिळाले. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पण १९७६-७७ या एका वर्षात देशभर सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्या कोणत्या परिस्थितीत, हे येथे सांगण्याची गरज नाही. रोममध्ये बसून वर्तवलेले भाकीत मुंबईच्या विधानभवनात खरे ठरावे, हे पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्या राज्याने विसरून जाण्याजोगे नाही.

तरीही भाकीत खरे ठरले म्हणून त्यामागचे निदानही बरोबर, असे मला म्हणता येत नाही. दोष साधनात होता की साधन हाती देताना जे सांगितले गेले नाही त्यात? चर्चचा विरोध केवळ साधनाला असता, तर माहितीला आडकाठी करण्याचे कारण नव्हते. पण चर्चचा शब्द जेथे प्रमाण होता त्या आयर्लंडने १९२९ साली, म्हणजे ‘समाजस्वास्थ्य’ निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, संततिनियमनाचा पुरस्कार करणाऱ्या छापील मजकुरावर बंदी घालणारा कायदा केला. साधनांच्या विक्रीवर तेथे बंदी आली ती १९३५ मध्ये. आधी शब्द बंद झाला, मग वस्तू. यातील विसंगती अशी, की चर्चला मान्य असलेली नैसर्गिक पद्धत सर्वस्वी माहितीवरच उभी आहे. आपल्या ऋतुचक्राचे नेमके ज्ञान नसलेल्या स्त्रीला ती पाळताच येणार नाही. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, तेव्हा सुरक्षित काळाच्या पद्धतीविषयी त्यांचा विरोधही त्यातल्या त्यात सौम्य होता. संयमाचे हे दोन पुरस्कर्ते अगदी वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचले होते.

कर्व्यांचे वेगळेपण मला येथे दिसते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, आणि तरीही १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते मासिक चालवीत राहिले, ते मराठीतून. हा सगळा मजकूर इंग्रजीत तेव्हाही उपलब्ध होता. जे इंग्रजीत शास्त्र होते ते मराठीत अश्लील ठरत होते. १९३४ चा खटला तर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून झाला. म्हणजे शिक्षा झाली ती विचारणाऱ्याला उत्तर दिल्याबद्दल.

भाषेच्या अभ्यासकांनी या संदर्भात तीन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. कर्व्यांचा शब्द ‘संततिनियमन’. त्यांच्या १९२३ च्या पुस्तकाच्या नावातही तोच आहे. नियमन करणारे ते जोडपे. नंतर आले ‘कुटुंबनियोजन’. पंचवार्षिक योजनांच्या काळातला हा शब्द, त्यात नियोजन कोणाचे आणि नियोजित कोण, याची संदिग्धता आहे. १९७७ नंतर, नसबंदीने बदनाम झालेले हे नाव टाकून केंद्र सरकारने ‘कुटुंब कल्याण’ स्वीकारले. या शब्दातून तर कृतीच नाहीशी झाली. कोणीतरी कोणाचे तरी भले करीत आहे, एवढेच उरले. कर्ता हळूहळू वाक्यातून बाहेर गेला.

लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर रंगवणाऱ्या याच राज्याने २००७ मध्ये शाळांतील किशोरशिक्षणाचा कार्यक्रम बंद केला, तेव्हा त्यात कोणत्याही पोपचा हात नव्हता. घोषणा चालते, माहिती चालत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष-नसबंदीचे प्रमाण होते ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया तुलनेने सोपी व कमी जोखमीची आहे, ही साधी गोष्ट दोघांनाही नीट सांगितली गेली असती, तर या दोन आकड्यांत एवढी दरी राहिली असती का?

त्या विद्यार्थिनीशी माझे यावर बरेच बोलणे झाले. तिचे म्हणणे, चर्च निदान आपला नकार उघडपणे सांगते. सरकार होकार देते आणि समजावत नाही. मी तिच्याशी पूर्ण सहमत नाही, पण दुसरा भाग मला खोडता आला नाही. नसबंदी शिबिरांतील मृत्यूंनंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘देविका बिस्वास’ प्रकरणी निकाल दिला. त्यात एक निर्देश असा आहे, की शस्त्रक्रियेचे परिणाम आणि धोके संबंधित व्यक्तीला तिला समजणाऱ्या भाषेत सांगावेत. ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघून तोवर एकोणनव्वद वर्षे झाली होती.