परवान्यावर मालकाचे नाव

रत्नागिरी

चि. बाळास,

युरोपातल्या बहुतेक देशांत कामाचा परवाना मागतो तो मालक, कामगार नव्हे. अमुक परदेशी माणूस अमुक कामावर, इतक्या पगारावर, इतक्या मुदतीसाठी हवा आहे, असा अर्ज मालक आपल्या सरकारकडे करतो. पोलंडमध्ये हा अर्ज प्रांताच्या व्होइव्होडच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या प्रमुखाच्या कार्यालयात जातो. रोमानियात स्थलांतर खात्याकडे, क्रोएशियात पोलिस खात्याकडे. मंजुरी मिळाली की परवान्यावर कामगाराच्या नावाबरोबर मालकाचे नाव येते, आणि तो परवाना त्या मालकाकडे, त्या कामापुरता चालतो. त्याच्या आधारे कामगाराने भारतातल्या त्या देशाच्या वकिलातीकडे दीर्घ मुदतीचा 'डी' व्हिसा मागायचा असतो. काम आणि राहणे यांचा परवाना एकाच कागदावर द्यावा, असा निर्देश युरोपीय संघाने २०११ मध्ये काढला. पण कुणाला घ्यायचे, किती जणांना घ्यायचे, हे ज्या त्या देशाने आपल्याच हातात ठेवले आहे. 'युरोपचा परवाना' असा कागद कुठलेच सरकार देत नाही.

म्हणून "परमिट आले आहे, फक्त पैसे भरायचे राहिले आहेत" हे तुझे फोनवरचे वाक्य काकाच्या मनातून जात नाही. कोणत्या कंपनीचे परमिट, असे विचारल्यावर तू "वेअरहाऊसचे" म्हणालास. मालक कोण हे ज्याला सांगता येत नाही, त्याचा परवाना आलेला नसतो. तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. पोलंडच्या गरुडाचा शिक्का ठसठशीत आहे, खाली सही आहे, तुझ्या पासपोर्टचा नंबरही आहे. पण मालकाच्या रकान्यावर नेमका अंगठा आला आहे. फोटो काढणाऱ्याचा अंगठा तिथेच का यावा, हा विचार तुझ्या मनात आला नाही, याचे वाईट वाटते. आणि या कागदासाठी सहा लाख उभे करायचे म्हणून वरच्या बागेतली आंब्याची कलमे पाच वर्षे कराराने द्यायची? सातबाऱ्यावर आईचे नाव आहे. तिला विचारलेस का?

परदेशी नोकरीसाठी माणसे भरण्याचा धंदा भारतात १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली येतो. असा धंदा करणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सकडे नोंदणी करावी लागते, आणि नोंदणी झालेल्यांची नावे 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवर कुणालाही पाहता येतात. त्याने उमेदवाराकडून घ्यायची सेवाफी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, अशी ठरलेली आहे, आणि तिची पावती द्यावी लागते. सहा लाख आणि तीस हजार यांत किती अंतर आहे ते तूच मोज. "बाकीचे तिकडे द्यावे लागतात" असे सांगणारा माणूस लाच तरी देत असतो किंवा खोटे तरी बोलत असतो. २०२३ साली पोलंडमध्ये पैसे घेऊन व्हिसे दिल्याचे प्रकरण उघडकीला आले, त्यात परराष्ट्र खात्याच्या उपमंत्र्याला जावे लागले. अशा प्रकरणात विकत घेतलेला व्हिसा रद्द झाला, की पैसे देणाऱ्याला दाद मागायला कुणी उरत नाही.

१९८३ च्या या कायद्यात एक फट आहे, आणि कोकणातली मुले तिच्यातूनच खाली पडतात. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर तपासणीची अट असते आणि अठरा ठरावीक देशांत कामाला जाताना प्रोटेक्टरचे कार्यालय त्याचा करार तपासते. हे देश मुख्यतः आखाती आणि आशियाई; युरोपातला एकही त्यांत नाही. शिवाय दहावी पास झालेल्याला ही अट लागूच नाही. म्हणजे मस्कतला जाणाऱ्या गवंड्याचा करार निदान एका सरकारी टेबलावरून जातो, आणि वॉर्सातल्या गोदामात जाणाऱ्या आयटीआय पास मुलाचा करार कुणीच पाहत नाही. तो त्याने स्वतःच पाहायचा. दादा मस्कतला कामाला गेला तेव्हा तपासणी होऊनही काय झाले, ते तुमच्या घरात बोलले जात नाही. पण तुला ते माहीत आहे, आणि तरी तू सही करायला निघालास.

शेंगेनबद्दलही नीट समजून घ्यावे. शेंगेन क्षेत्रात एका देशातून दुसऱ्या देशात जाताना सीमेवर सहसा पासपोर्ट तपासत नाहीत. क्रोएशिया २०२३ साली त्यात आला, रोमानिया २०२५ च्या जानेवारीत पूर्णपणे आला. पण मोकळीक प्रवासाची आहे, कामाची नाही. पर्यटक म्हणून १८० दिवसांत ९० दिवस राहता येते आणि त्यात मजुरी करता येत नाही. एका देशाचा कामाचा परवाना घेऊन दुसऱ्या देशात कामाला लागणेही बेकायदा आहे. परमिट पोलंडचे असताना "आधी क्रोएशियात उतर, मग मागाहून जर्मनीत सरक" हा सल्ला तुला ज्याने दिला, त्याने तुला कायद्याच्या बाहेर जायला सांगितले आहे. सरहद्दीवर शिपाई नसला म्हणजे कायदा नसतो, असे नाही.

आपल्याकडे माणसाला परवान्याची सवय नाही, हे खरे. मिरकरवाड्यातल्या ट्रॉलरांवर आणि आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी माणसे राहतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला आणि काम करायला परवाना लागत नाही. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते; मग त्यांना युरोपीय संघात कुठेही काम करता येते, मात्र भारताचे नागरिकत्व सोडावे लागते. तुझा सावंतवाडीचा मित्र असे काही करता येईल का विचारत होता. त्याला सांग, बांद्याच्या, म्हणजे गोव्याच्या हद्दीच्या, अलीकडच्यांना हा रस्ता नाही.

रत्नागिरीच्या माणसाला मात्र युरोपीय मालकाचा करार नवा नाही. पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी मुख्यतः याच किनाऱ्यावरून घेतले जात, खानसामे गोव्याचे असत. सारंग माणसे जमवून आणी, टिंडेल त्यांच्यावर देखरेख करी. त्यांची भरती 'लॅस्कर' करारावर होई. या करारात गोऱ्या खलाशापेक्षा पगार कितीतरी कमी होता, आणि इंग्लंडच्या बंदरात उतरून दुसरी नोकरी धरायची मुभा नव्हती. कंपनीने परत हिंदुस्थानात आणून सोडायचे, अशी त्याची बांधणी होती. १९२५ साली ब्रिटिश सरकारने काळ्या परदेशी खलाशांनी पोलिसांकडे नोंद करावी असा हुकूम काढला. हिंदी खलाशी ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळे तो त्यांना लागू नव्हता, पण प्रजाजन असल्याचा कागद जवळ नसल्यामुळे कित्येकांची नोंद परदेशी म्हणूनच झाली. पुष्कळ जण अंगठेबहाद्दर होते. करारात काय लिहिले आहे ते सारंग सांगेल तेच खरे. बाळा, तुला तर वाचता येते. शंभर वर्षांनी त्याच किनाऱ्यावरचा, शिकलेला, दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेला मुलगा पोलिश भाषेतल्या कागदावर एजंट म्हणेल तिथे सही करणार असेल, तर मधल्या काळात शाळा कशासाठी काढल्या? ज्या कागदावर पोट अवलंबून आहे तो माणसाला स्वतःला वाचता आला पाहिजे. काकाचे हे वेड म्हण, पण ते सुटणारे नाही. गेल्या पिढीत पोस्टमनकडून मनीऑर्डरीचा कागद वाचून घेणाऱ्या बाया आपल्याच वाडीत होत्या. त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता.

कौशल्य असलेल्या माणसासाठी सगळ्यांत स्पष्ट नियम सध्या जर्मनीचे आहेत. तिथला कुशल कामगारांचा कायदा १ मार्च २०२० पासून लागू झाला आणि २०२३-२४ मध्ये टप्प्याटप्प्याने सैल झाला. मुख्य रस्ता शिक्षणाच्या मान्यतेचा. भारतातला कोर्स तिथल्या कोर्सच्या तोडीचा आहे का, हे ठरवून घ्यायचे; औद्योगिक ट्रेडसाठी न्यूरेम्बर्गची 'आयएचके फोसा' ही संस्था ते पाहते आणि तिची फी १०० ते ६०० युरोंच्या दरम्यान असते. तिथला कोर्स तीन-साडेतीन वर्षांचा, आपला आयटीआयचा दोन वर्षांचा, त्यामुळे पुष्कळदा अर्धवट मान्यता मिळते आणि उरलेले तिथे शिकून भरून काढावे लागते. मार्च २०२४ पासून मालक तयार असेल आणि ए-टू पातळीचे जर्मन येत असेल, तर आधी जाऊन काम करत मान्यता पूर्ण करता येते. तिसरा रस्ता अनुभवाचा: मायदेशात सरकारमान्य असलेला दोन वर्षांचा कोर्स, गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षे काम, आणि वर्षाला ठरलेल्या रकमेइतका पगार. २०२५ साली ही रक्कम ४३,४७० युरो होती. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतली तुझी नोकरी इथे उपयोगाला येते. अनुभवाचा दाखला लेटरहेडवर, तारखांसह मागून ठेव. नर्सिंगसारख्या कामांना अनुभवाची वाट बंद आहे. तिथे मान्यता लागतेच.

नोकरी हातात नसताना शोधायला जायचे, तर १ जून २०२४ पासून 'संधी कार्ड' आहे. शिक्षण, अनुभव, भाषा, वय यांचे गुण मोजतात, सहा लागतात, आणि वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी बँकेत अडकवून दाखवावी लागते; २०२५ चा दर महिन्याला १,०९१ युरो होता. तुझ्यासारख्याने या वाटेला जाऊ नये. वर्ष संपले आणि नोकरी नाही मिळाली, तर बाग जाते आणि माणूस परत येतो.

पगार तिथल्या माणसाइतकाच आहे ना, कामाच्या अटी तशाच आहेत ना, हे जर्मनीचे रोजगार कार्यालय तपासते, आणि मग व्हिसा मिळतो. महाराष्ट्रातल्या माणसाचा अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे जातो. व्हिसाची फी ७५ युरो. मालकाला घाई असेल तर तो ४११ युरो भरून जलद प्रक्रिया मागू शकतो, आणि तो अर्ज त्यानेच तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात करायचा असतो. यांतल्या कामगाराने भरायच्या फियांची बेरीज एक लाखापर्यंतही जात नाही.

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला. मुंबई आणि तिथले श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल माणसे पाठवायची आणि त्यांना भाषा सरकारने शिकवायची, अशी ती योजना. सरकारांचा करार झाला म्हणून कुणाची मान्यता, मालक आणि व्हिसा या तीन पायऱ्या चुकत नाहीत. पण भाषा शिकलेल्या मुलाकडे काहीतरी राहते. पुण्याच्या किंवा मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनाची परीक्षा दिलेल्या मुलाला कंपनीला स्वतः पत्र लिहिता येते, मुलाखतीला उत्तर देता येते, करारातले पगाराचे कलम वाचता येते. एजंट लागतो तो मुख्यतः हे जमत नाही म्हणून. तू एक वर्ष भाषेला दे. सहा लाखांपेक्षा हे वर्ष स्वस्त आहे, आणि बाग शाबूत राहते. करारदाराला पाच वर्षे मिळाली की तो झाडाच्या बुंध्याला कल्टार ओतून दरवर्षी मोहोर काढतो. पाच वर्षांनी परत मिळतात ती कलमे थकलेली असतात. वरची कलमे आजोबांनी कातळ फोडून लावलेली आहेत.

जर्मनीत पोचल्यावर पत्त्याची नोंद करायची आणि राहण्याचे कार्ड घ्यायचे. पासपोर्ट आणि कार्ड कामगाराने स्वतःजवळ ठेवायचे. मालकाने "सांभाळून ठेवतो" म्हटले तरी द्यायचे नाही. नोकरी सुटली तर कार्यालयाला कळवावे लागते. पहिली दोन वर्षे मालक बदलताना साधारणतः पुन्हा मंजुरी लागते. जर्मनीत कुशल कामगाराला तीन वर्षांनी कायम वास्तव्य मागता येते, त्यालाही बी-वन पातळीची भाषा लागते.

परवान्याशिवाय कामाला लागलेल्या माणसाचे काय होते, ते २०२४ च्या जूनमध्ये इटलीतल्या लाटिना जिल्ह्यात दिसले. शेतावर राबणाऱ्या एका भारतीय मजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला इस्पितळात न नेता त्याच्या राहत्या घराबाहेर टाकण्यात आले आणि तो दोन दिवसांत वारला. त्याच्याकडे करार नव्हता. ही बातमी आईला सांगितलेली नाही. तू क्रोएशियाहून सरकायची भाषा करतोस तेव्हा काकाला ती आठवते आणि झोप लागत नाही.

तेव्हा राहिलेले पैसे भरू नकोस आणि बागेच्या करारावर कुणाची सही होऊ देऊ नकोस. एजंटाचा नोंदणी क्रमांक, कंपनीचे पूर्ण नाव आणि अंगठा न येता काढलेला परवान्याचा फोटो रविवारपर्यंत पाठव. पोलंडमधल्या नोंदणीकृत कंपन्यांची सरकारी नोंदवही कुणालाही फुकट पाहता येते. ती कंपनी त्यात आहे की नाही, हे त्याच संध्याकाळी कळेल. आईला नमस्कार सांग.

कळावे.

काका