साखरखेर्ड्याच्या पंगतीत अमेरिका

नोव्हेंबर २०२४ च्या आरंभी एका मंगल परिणयानिमित्त साखरखेर्ड्याला जाण्याचा योग आला. सिंदखेडराजा तालुक्यातले हे इतिहासप्रसिद्ध गाव. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी येथील लढाईत मुबारिझखान पडला आणि निजामुल्मुल्क दक्षिणेचा धनी ठरला. रयतेला कोणी विचारले नाही.

तीनशे वर्षांनी त्याच गावात, जेवणाच्या पंगतीत, अमेरिकेचा अध्यक्ष कोण यावर चर्चा रंगली. ट्रम्प की कमला हॅरिस? एक वडीलधारे म्हणाले, "कमलाबाई आपल्या. आई भारतातली ना!"

वाढणारी मुलगी थबकली. "बाबा, आपल्या म्हणजे कोणाच्या?"

पंगत गप्प झाली. पोरीने नेमके बोट ठेवले होते. हॅरिसबाईंच्या आई श्यामला गोपालन तामिळ ब्राह्मण घरातल्या. तो दोष नव्हे. पण आपलेपणाचा पुरावाही नव्हे. आपले लोक तिकडेही जातीचे चटके सोसतात. म्हणूनच सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी केली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही त्याच वर्षी तसे विधेयक मंजूर केले. ते गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरात नाकारले. ते हॅरिसबाईंच्याच पक्षाचे!

पुढे ट्रम्प निवडून आले. तिकडे आपले मत नाही. पण आपल्या ग्रामपंचायतीत आहे. बाबासाहेबांनी घटनेतून मिळवून दिलेले. उमेदवार दारात आला की नात्यागोत्याचा हिशेब नको. जातिभेद मोडण्यासाठी तुम्ही काय केले, एवढेच विचारा.

जय भीम!