वाटाण्याचं रोप

आमच्या वेळापत्रकात सकाळी चित्रपटाचा इतिहास असतो आणि दुपारी पटकथा. विषय दोन, वह्या दोन, शिक्षकही वेगळे. पण पहिलं सत्र जेमतेम रुळलं आणि माझ्या दोन्ही वह्यांत तेच ते उमटू लागलं. पडद्यावर गोष्ट कशी सांगायची याची जी उत्तरं दुपारी नियम म्हणून फळ्यावर येतात, ती सगळी कधीतरी, कुणाला तरी, अडल्या वेळी सापडलेली आहेत. कोण कुठे अडलं होतं हे कळलं की ते उत्तर आपलं होतं. एरवी ते परीक्षेपुरतं पाठ राहतं.

दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि त्यांना आपले राम-कृष्ण पडद्यावर दिसू लागले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. मला त्याच्या पुढचा भाग अधिक ओढून घेतो. 1912 साली ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन परत आले. यंत्र आलं, पण भांडवल कुठे होतं? धनिकाला पटवायचं तर काहीतरी दाखवायला हवं, आणि नट, कपडे, देखावे यांना पैसा लागतो. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि दिवसामागून दिवस थोडं थोडं चित्रण करत राहिले. मग ते सलग दाखवलं. माती हलते, मोड वर येतो, पानं उलगडतात, वेल आधार शोधत चढतो. हे पाहून कर्ज देणारा तयार झाला.

मी या एवढ्याशा चित्रपटापाशी पुन्हा पुन्हा येते. त्यात राजा नाही, राणी नाही, शत्रू नाही, तरी ती गोष्ट आहे. मोड दिसला की पान केव्हा फुटेल म्हणून जीव तिथेच घुटमळतो. कित्येक दिवसांचा काळ दोन घटकांच्या आत डोळ्यांपुढून जातो आणि मधल्या रात्री आपण आपल्या मनाने भरून काढतो. काळ कुठे ताणायचा, कुठे आवरायचा, कुठे चक्क गाळायचा, यावर पटकथेच्या तासाला आम्ही दुपारच्या दुपारी घालवतो. फाळक्यांना ते कुंडीतल्या रोपापाशी उमगलं होतं, कारण त्यांच्यापाशी तेव्हा दुसरं पात्रच नव्हतं.

आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसत. ती घरी पाडावी लागत, तीही अंधारात, कारण उजेडाची तिरीप लागली तर सगळी फिल्म वाया. दिवसभर युनिटच्या माणसांचा स्वयंपाक करायचा आणि रात्री चाचपडत, बोटांच्या अंदाजाने, फिल्मच्या कडेला एकसारख्या अंतरावर भोकं पाडत बसायचं. भोकांचं अंतर चुकलं तर पडद्यावरचं चित्र थरथरणार. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा लोकांना राणी तारामती दिसली. ती होती अण्णा साळुंके, कारण पडद्यावर यायला एकही बाई तयार नव्हती. पण त्या चित्रपटाची फिल्म मात्र एका बाईच्या हातांखालून गेली होती. इतिहासाच्या वहीत मी त्यांचं नाव फाळक्यांच्या नावाशेजारीच लिहिलं आहे, तळटिपेत नाही.

मी शिकते ते आवार एकेकाळी प्रभात फिल्म कंपनीचं होतं. 1929 मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली ही कंपनी 1933 मध्ये पुण्यात आली, आणि 1960 मध्ये त्याच जागेत चित्रपट शिकवणारी संस्था उभी राहिली. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (1936) याच आवारातला. वर्षभराहून अधिक काळ मुंबईत चाललेला, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. पण ही कीर्ती बाजूला ठेवून तो नुसता पाहावा, आणि पाहताना डोळे तुकारामाच्या बायकोवर, जिजाईवर ठेवावेत. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम जवळपास स्थिर असतो. गौरीची जिजाई सतत कामात, पदर खोचलेला, तोंडाचा पट्टा चालू. मूल आजारी पडतं तेव्हा ती त्याला घेऊन तरातरा देवळात जाते आणि विठ्ठलावर वहाण उगारते. त्या क्षणी चित्रपट कुणाचीच बाजू घेत नाही. तुकाराम खरा आणि ही उपाशी पोरांची आईही तितकीच खरी. शेवटी वैकुंठाचं विमान येतं, तरी ती संसार टाकून निघत नाही. संघर्ष म्हणजे कुणीतरी वाईट असलं पाहिजे, असं मानणाऱ्या प्रत्येक नवशिक्याने हा चित्रपट पाहावा. दोघेही बरोबर असतात तेव्हाच गोष्ट जड होते.

पुढच्याच वर्षी प्रभातच्याच व्ही. शांतारामांनी ‘कुंकू’ केला. म्हाताऱ्या बिजवराशी, काकासाहेबांशी, फसवून लग्न लावलेली नीरा, आणि साऱ्या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे, आणि भिंतीवरचं घड्याळ. पहिल्यांदा ऐकताना ती टिकटिक नुसती घरातली वाटते. थोड्या वेळाने ती काकासाहेबांचं वय मोजू लागते आणि आपल्यालाच ते ऐकवत नाही. बोलपट सुरू होऊन अवघी सहा वर्षं झाली होती. पडद्याला आवाज मिळाल्याच्या उत्साहात सगळे गात होते, तेव्हा हा माणूस शांततेवर विसंबला. मला याहून मोठं धाडस माहीत नाही.

हे शिकताना एक गोष्ट मात्र सलत राहते. आमच्या इतिहासाची पानंच फाटलेली आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं उरलं, आणि तीही 1917 च्या नव्या आवृत्तीतली असावीत असं काही अभ्यासकांचं म्हणणं. ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत नाही. मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट झाले. त्यांतले पूर्ण-अपूर्ण मिळून फारच थोडे उरलेत. फिल्मवरच्या थरात चांदी असते, म्हणून किती रिळं वितळवली गेली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर आयुष्यभर डबे गोळा करत फिरले, म्हणून फाळक्यांचं काही आज दिसतं तरी. पुढे 2003 च्या जानेवारीत इथेच पुण्यात आग लागली आणि जपलेल्या नायट्रेट रिळांचीही राख झाली.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात कुणी स्टुडिओत, थिएटरात, वितरकाकडे किंवा टुरिंग टॉकीजमध्ये काम केलेलं असेल, आणि माळ्यावर एखादा पत्र्याचा गोल डबा पडून असेल, तर तो भंगारात देऊ नका. झाकण काढल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तरी टाकू नका. गॅसजवळ, उन्हात, देव्हाऱ्यातल्या समईजवळ ठेवू नका. फार जुनी, नायट्रेटची फिल्म पटकन पेटते. ती मशीनवर चढवून पाहण्याचा मोहही आवरा. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यांना कळवा.